गाण्याचा सातबारा



युनियनचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस, ग्रॅच्युइटी आणि कंत्राटी कामगार यांखेरीज दुसरे काय बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. आजही आम्ही श्रमाबद्दल आणि श्रमाच्या मोबदल्याबद्दलच बोलणार आहोत. फरक इतकाच, की ज्या श्रमाची ही हकीकत आहे तो मागावर किंवा लेथवर होत नाही. तो कागदाच्या कपट्यावर होतो, आणि त्यातून गाणे निघते.

हकीकत अमेरिकेतील आहे. डॉली पार्टन या बाईंची. त्यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल, काहींनी नसेल. त्यांनी लिहिलेले एक गाणे मात्र दुसरीच्या तोंडून आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेले आहे. बाई गातात उत्तम. परंतु आज आम्हांला त्यांच्या गळ्याविषयी बोलावयाचे नसून त्यांच्या लेखणीविषयी, आणि त्याहूनही अधिक, त्यांच्या एका नकाराविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम हे संगीत कोणते ते पाहू. अमेरिकेच्या पूर्व भागात ॲपलाचियन नावाची लांबच लांब डोंगररांग आहे. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड येथून पोटासाठी गेलेली माणसे त्या दऱ्याखोऱ्यांत वसली. त्यांनी फिडल नेले आणि आजीपणजीची गाणी नेली. आफ्रिकेतून ज्यांना गुलाम करून आणले होते त्यांनी बॅन्जो हे वाद्य दिले आणि आपल्या गायकीचा रंग दिला. या मिश्रणातून जे उभे राहिले त्यास पुढे 'कंट्री म्युझिक' असे नाव पडले. त्याचे विषय आपल्या परिचयाचेच आहेत : कर्ज, दारू, मोडलेला संसार, खाणीतले मरण, आई आणि देव. शहरातली शिष्ट मंडळी या गाण्यांना नाके मुरडीत. परंतु १९२५ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल गावी एका विमा कंपनीने रेडिओ केंद्र काढले, आणि तेथून शनिवारी रात्री या गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला. 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने तो आजही चालू आहे. विमा खपविण्यासाठी उघडलेल्या दुकानात लोकसंगीताचे देऊळ उभे राहिले.

आता देऊळ म्हटले की दानपेटी आली, आणि दानपेटीची किल्ली कोणाच्या कनवटीला, हा प्रश्नही आला. १९२७ साली राल्फ पीअर नावाचे एक गृहस्थ ध्वनिमुद्रणाची यंत्रे घेऊन ब्रिस्टल या डोंगराळ गावी आले. तेथे त्यांना कार्टर कुटुंब सापडले, जिमी रॉजर्स सापडले. या संगीताचा इतिहास तेथूनच सांगण्याची रीत आहे. गाणाऱ्यांना एका गाण्यामागे ५० डॉलर रोख मिळत, आणि डोंगरातल्या माणसाला ही रक्कम थोडी नव्हती. पीअरसाहेबांनी मात्र कंपनीकडे पगाराचा आग्रह धरला नाही. त्यांनी मागितले ते गाण्यांचे प्रकाशनहक्क. शहाण्या माणसाने गाय विकत न घेता तिच्या दुधाचा कायमचा ठेका घ्यावा, तसा हा व्यवहार होता. पैसा तबकडीत नसून हक्कात आहे, हे त्यांनी त्या वेळी ओळखले होते.

हा हक्क म्हणजे नेमके काय? आम्ही युनियनच्या कचेरीत करारांची कलमे वाचून जे शिकलो त्याच भाषेत सांगतो. गाणे म्हणजे जमिनीच्या तुकड्यासारखे समजा. कोणी ते तबकडीवर मुद्रित करो, रेडिओवर वाजवो, सिनेमात घालो. प्रत्येक वेळी त्या जमिनीत कोणीतरी पीक काढीत असतो आणि मालकाला खंड देणे लागतो. हा खंड परंपरेने दोघांत वाटला जातो : अर्धा गीत लिहिणाऱ्याचा आणि अर्धा प्रकाशकाचा. प्रकाशक गाणे गायकांपर्यंत पोहोचवितो, हिशेब ठेवतो, वसुली करतो. तेव्हा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हाच सगळ्यात मोठा सवाल.

आणि खंड तरी किती? अमेरिकेच्या १९०९ सालच्या कायद्याने दर तबकडीमागे एका गाण्याला २ सेंट ठरविले. श्रोतेहो, हा २ सेंटांचा दर १९७८ सालापर्यंत तसाच राहिला! मध्ये दोन महायुद्धे झाली, मंदी येऊन गेली, पावाची किंमत वाढली, घरभाडे वाढले, गिरणीतल्या मजुराची मजुरीसुद्धा संप करकरून वाढली. गीतकाराचे २ सेंट जागचे हलले नाहीत. त्याला ना महागाई भत्ता, ना निर्देशांक. एखाद्या गाण्याच्या दहा लाख तबकड्या खपल्या, म्हणजे देशभर डंका वाजला, तर गाण्याच्या वाट्याला २० हजार डॉलर. त्यातून प्रकाशकाचे १० हजार गेले. गाणे दोघांनी मिळून लिहिले असेल तर राहिलेल्याचे पुन्हा दोन भाग. आणि दहा लाख खपणारी गाणी हजारांत किती निघतात, ते आपणच ताडावे.

अशा धंद्यात आपल्या बाई आल्या त्या कोठून आल्या? टेनेसीच्या डोंगरात, सेव्हियर परगण्यात, १९ जानेवारी १९४६ रोजी त्यांचा जन्म झाला. बारा भावंडांतील त्या चौथ्या. वडील दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने तंबाखू पिकवीत. आपल्याकडे ज्याला अर्धेली किंवा बटाई म्हणतात त्याच जातीची ही शेती. वडिलांना अक्षरओळख नव्हती. बाळंतपणाला डॉक्टर आले तेव्हा त्यांना द्यावयास रोख पैसा नव्हता, म्हणून मक्याच्या पिठाचे पोते देण्यात आले. आई जुनी गाणी म्हणे, मामा बिल ओवेन्स गिटार वाजवी आणि गाणी रची. पोर दहा वर्षांची असताना नॉक्सव्हिल शहरातील स्थानिक कार्यक्रमांत गाऊ लागली. १९६४ साली शालान्त परीक्षा झाली, आणि दुसऱ्याच दिवशी ती नॅशव्हिलच्या बसमध्ये बसली.

तेथे ती प्रथम कोण म्हणून उभी राहिली? पोटासाठी गीतकार म्हणून. तिची गाणी दुसरे गात. मामा-भाचींनी लिहिलेले एक गाणे १९६६ साली बिल फिलिप्स या गायकाने गायिले आणि ते ग्रामीण गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत गेले. त्याच सुमारास या मामा-भाचींनी आपली स्वतःची लहानशी प्रकाशन संस्था काढली. विशीच्या उंबरठ्यावरील एका कुळाच्या मुलीने शहरात येताच सातबारा आपल्या घरात ठेवण्याची खटपट करावी, याचे आम्हांला फार कौतुक वाटते. बापाने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात अर्धा वाटा ओतलेला तिने पाहिला होता. वाटा म्हणजे काय हे तिला कोणा वकिलाने शिकविण्याची गरज नव्हती.

पुढे १९६७ पासून सात वर्षे पोर्टर वॅगनर या नामांकित गायकाच्या कार्यक्रमात त्या काम करीत होत्या. या काळातील एका गाण्याची गोष्ट सांगण्याजोगी आहे. लहानपणी आईने चिंध्या जोडून त्यांना एक कोट शिवला होता. आईला आणि मुलीला त्याचा अभिमान. शाळेतल्या मुलांनी मात्र तो पाहून टवाळी केली. 'कोट ऑफ मेनी कलर्स' हे गाणे त्यावर आहे, आणि ते त्यांनी प्रवासात, बसमध्ये, वॅगनरसाहेबांच्या कपडे धुलाईच्या पावतीवर लिहिले. १९७१ साली ते प्रसिद्ध झाले. आम्ही अनेक मोर्च्यांत गरिबीवरची गाणी ऐकली आहेत. त्यांत गरिबाची कीव असते किंवा गरिबाचा संताप असतो. ज्या गाण्यात गरीब मुलगी स्वतःच्या ठिगळांकडे मान वर करून पाहते, असे गाणे विरळा. गरिबी जगलेल्या माणसाने लेखणी धरली म्हणजे असा फरक पडतो.

वॅगनर यांचा कार्यक्रम सोडून स्वतःच्या पायावर उभे राहण्याची वेळ आली, तेव्हा ते सहजासहजी सोडीनात. बोलून समजूत पटेना, म्हणून बाईंनी निरोपाचे एक गाणे लिहिले. तेच 'आय विल ऑल्वेज लव्ह यू'. १९७३ साली लिहिले, १९७४ साली प्रसिद्ध झाले आणि ग्रामीण गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. निरोप गोड झाला, हिशेब मात्र कडू निघाला : १९७९ साली वॅगनर यांनी करारभंगाचा दावा लावला आणि तो तडजोडीने मिटला. उभयतांचे पुढे मनोमीलनही झाले. असो.

आता त्या नकाराकडे येतो. हे गाणे गाजत असताना एल्विस प्रेस्ली यांना ते गाण्याची इच्छा झाली. एल्विस म्हणजे त्या काळचा गाण्याचा बादशहा; त्याने गाणे उचलले म्हणजे गीतकाराच्या दारात लक्ष्मी उभी राहिली असे समजत. बाईंना आनंद झाला. परंतु एल्विस यांचे व्यवस्थापक कर्नल पार्कर यांनी निरोप धाडला : आमचा एल्विस जे गाणे गातो त्याच्या प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा आम्हांला मिळतो, तो लिहून द्या.

येथे कायद्यातील एक बारकावा ध्यानात घ्यावा. गाणे एकदा मुद्रित होऊन बाजारात आले, की ठरावीक दर भरून दुसरा कोणीही ते मुद्रित करू शकतो, अशीच त्या देशाच्या कायद्याची तरतूद आहे. म्हणजे एल्विस यांना ते गाणे गाण्यास कोणाचीच मनाई नव्हती. २ सेंटांच्या हिशेबाने खंड भरला की काम झाले असते. पार्करसाहेबांना परवानगी नको होती, जमीन हवी होती. आणि नांगर धरला नाही, बी पेरले नाही, तरी अर्धेलीचा करार हवा होता.

बाईंनी नाही म्हटले. त्या रात्री आपण रडत होतो, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. हितचिंतक म्हणाले असतील, पोरी, वेडी आहेस काय, अर्धी भाकरी तर पदरात पडत होती! कारखान्याच्या फाटकावर असेच सांगणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या शहाणपणाला उत्तर देणे सोपे नसते, कारण भूक खरी असते. एल्विस यांनी ते गाणे मुद्रित केले नाही. १९७७ साली ते वारले.

१९८२ साली बाईंनी तेच गाणे एका चित्रपटासाठी पुन्हा गायिले आणि ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले. १९९२ साली 'द बॉडीगार्ड' चित्रपटात व्हिटनी ह्यूस्टन यांनी ते गायिले. ते अमेरिकेच्या मुख्य यादीत सलग १४ आठवडे पहिले राहिले आणि जगभर पसरले. आपल्या गावातही ते पोहोचले आहे. जमीन एकीची, पीक दुसरीने सोन्याचे काढले, आणि खंड योग्य हाती गेला. पार्करसाहेबांच्या कागदावर १९७४ साली सही झाली असती, तर अठरा वर्षांनंतरच्या त्या राशीतून अर्धा हिस्सा कोठे गेला असता, हे सांगावयास नको.

ही गोष्ट येथे संपवून 'बाणेदारपणाचे फळ मिळते' असे तात्पर्य काढले, तर सभा खूष होईल. पण आम्ही संघटनेची माणसे, आम्हांला एवढ्यावर थांबता येत नाही. बाई नाही म्हणू शकल्या, कारण त्या क्षणी त्यांची चूल एल्विसवर अवलंबून नव्हती. गाणे त्यांच्याच आवाजात खपत होते. ज्याच्या घरात उद्याचे पीठ नाही त्याने काय करावे?

त्याने काय केले तेही इतिहासात आहे. विली नेल्सन हे त्याच संगीतातील थोर गीतकार. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी 'फॅमिली बायबल' हे आपले गाणे ५० डॉलरला कायमचे विकून टाकले. १९६० साली ते दुसऱ्याच्या आवाजात गाजले आणि गीतकार म्हणून नेल्सन यांचे नाव त्यावर नव्हते. त्यानंतर 'हॅलो वॉल्स' हे गाणेही ते ५०० डॉलरला विकावयास निघाले. फॅरन यंग हे गायक ते गाणार होते. यंग यांनी गाणे विकत घेण्याचे नाकारले. तुझे गाणे तू ठेव, असे सांगून तेवढी रक्कम त्यांना उसनी दिली. १९६१ साली गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि उत्पन्न नेल्सन यांचे राहिले. श्रोतेहो, डॉलीबाईंच्या नकाराइतकीच ही ५०० डॉलरची उसनवारी आम्हांला मोलाची वाटते. एका कारागिराने दुसऱ्याला नाही म्हणण्याचे बळ उसने दिले. संघटना म्हणजे तरी दुसरे काय असते? संपाच्या वेळी आपण जो धान्याचा निधी गोळा करतो तो याचसाठी.

परंतु प्रत्येक विलीला फॅरन भेटतोच असे नाही. म्हणून कायदा लागतो आणि मंडळ लागते. अमेरिकेत गीतकारांचे मंडळ १९१४ सालीच निघाले होते. पण त्यात न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांची चलती, डोंगरातल्या आणि काळ्या गीतकारांना तेथे प्रवेश दुर्लभ. १९३९ साली रेडिओच्या मालकांनी या मंडळाशी दराचे भांडण झाले म्हणून प्रतिस्पर्धी मंडळ काढले, आणि गाणी कमी पडू लागली तेव्हा या उपेक्षितांना दार उघडले. मालकांच्या भांडणात मजुराचा फायदा व्हावा, हे क्वचित घडते, येथे घडले. नॅशव्हिलच्या गीतकारांना रेडिओवरील वादनाचा मोबदला मिळू लागला तो अशा रीतीने.

बाईंच्या कारकिर्दीत संघटनेशी थेट गाठ पडली ती वेगळ्याच वाटेने. १९७३ साली बॉस्टन शहरात कचेऱ्यांत टंकलेखन आणि कारकुनी करणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या. पगार कमी, बढती पुरुषाला, आणि साहेबाचा चहा-कॉफी ही जणू नोकरीची अट. त्यांनी आपल्या संघटनेचे नाव कामाच्या वेळेवरून ठेवले : नऊ ते पाच. दोन वर्षांत त्यातून रीतसर युनियनची शाखाही निघाली. कॅरन नुसबाम या त्यांच्या पुढारी. अभिनेत्री जेन फोंडा यांची त्यांच्याशी मैत्री होती, आणि त्यातून चित्रपटाची कल्पना निघाली. चित्रपटवाल्यांनी कारकून स्त्रियांना भेटून त्यांच्या हकीकती ऐकल्या. १९८० साली 'नाइन टू फाइव्ह' हा चित्रपट आला. त्यात डॉलीबाईंनी कामही केले आणि गाणेही लिहिले.

ते कसे लिहिले? चित्रीकरणाच्या जागी बसून, बोटांची लांब कृत्रिम नखे एकमेकांवर घासून. तो आवाज टाइपरायटरसारखा येतो असे त्यांच्या ध्यानात आले, आणि त्या ठेक्यावर गाणे जमले. तबकडीवरही तो नखांचा आवाज आहे. १९८१ साली ते अमेरिकेच्या मुख्य यादीत पहिले आले. ज्या बायका सभेला येण्यास भीत होत्या, त्या ते गाणे गुणगुणू लागल्या. आमच्या दहा पत्रकांनी जे साधत नाही ते कधी कधी एका गाण्याने साधते, हे आम्ही कोणताही संकोच न बाळगता सांगतो. मात्र पत्रके आधी वाटली गेली होती, सात वर्षे घरोघर, कचेरीकचेरीत. म्हणून त्या गाण्याला कान मिळाले, हेही तितकेच खरे.

बाईंना आम्ही संत ठरवीत नाही. त्या राजकारणापासून कटाक्षाने दूर राहतात. १९८६ पासून त्यांच्या नावाचे 'डॉलीवुड' हे करमणुकीचे उद्यान त्यांच्याच डोंगरात चालते, म्हणजे त्या मालकही आहेत, आणि मालकाला मालकाच्या मापाने मोजावे हे आमचे व्रत आहे. परंतु १९९५ साली त्यांनी सुरू केलेल्या उपक्रमाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या परगण्यातील प्रत्येक मुलाला, जन्मापासून पाच वर्षांचे होईपर्यंत, दरमहा एक पुस्तक घरपोच आणि फुकट. हा उपक्रम पुढे पाच देशांत गेला आणि २०२३ सालापर्यंत वाटलेल्या पुस्तकांची संख्या २० कोटींवर पोहोचली. यामागची प्रेरणा आपले निरक्षर वडील होत, असे बाई सांगतात. ज्याला वाचता येत नव्हते त्या कुळाच्या नावाने, मुलीच्या अक्षरांतून आलेला खंड अक्षरांतच परत गेला.

आता शेवटी आपल्या घरचे दोन शब्द. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसेल त्याची जमीन हे तत्त्व कायद्याने मान्य झाले. गाण्याच्या रानात ते यावयास मात्र आणखी अर्धशतक लागले. मुंबईच्या सिनेमासाठी गीतकार गाणे लिहीत आणि ठोक रक्कम घेऊन मोकळे होत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्यालाच मालक ठरविले. अखेर २०१२ साली कायदा दुरुस्त झाला. त्यासाठी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर झुंज दिली. आता सिनेमातील गीताचा सिनेमागृहाबाहेर जो उपयोग होतो, त्याच्या उत्पन्नातील गीतकाराचा समान हिस्सा त्याच्यापासून तोडता येत नाही. तो हिस्सा वारसाला किंवा गीतकारांच्याच सोसायटीला देता येतो. निर्मात्याला लिहून दिला तरी तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. याचा अर्थ आपण नीट समजून घ्यावा. डॉलीबाईंना रात्रभर रडून जे 'नाही' म्हणावे लागले, ते 'नाही' आता कायदा गीतकाराच्या वतीने म्हणतो. नवखा असो, भुकेला असो, त्याला आपली गरज दाखविण्याचे कारण उरत नाही.

अर्थात कायदा पुस्तकात असणे वेगळे आणि वसुली होणे वेगळे, हे किमान वेतनाच्या लढ्यात आपण पुरते पाहिले आहे. आपल्या गावातही गाणी लिहिणारी तरुण मुले-मुली आहेत. कोणी मोबाइलवर मुद्रित करतात, कोणी ऑर्केस्ट्राला देतात, कोणी भजनी मंडळाला. त्यांना आमचे सांगणे एवढेच : कोऱ्या कागदावर सही करू नका, दिलेला कागद घरी आणून वाचा, समजला नाही तर समजणाऱ्याकडून वाचून घ्या, आणि एकटे असाल तर आपल्यासारखे आणखी चारजण शोधा. आमची कचेरी रात्री नऊपर्यंत उघडी असते. करार घेऊन आलात तर कलमे आपण मिळून वाचू.